पंचवीस फुटी डोलकाठी, दोन माणसं आणि ट्रेलरवरची होडी

प्रकरण नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावचं. काका नुकतेच निवृत्त झालेले मेकॅनिकल इंजिनिअर, काकू अजून अर्धवेळ नोकरी करणाऱ्या. दोघांनीही साठी ओलांडलेली, मुलं आपापल्या गावी. जॉर्डन लेक घरापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत, आणि कॉलेजात असताना नेव्हल एनसीसीत शिडाची होडी चालवल्याची आठवण काकांच्या मनातून कधी गेलेली नाही. हिवाळ्यात त्यांनी वापरलेली कॅटालिना २२ घेतली, ट्रेलरसकट.

होडी चांगली निवडली होती. फ्रँक बटलर यांनी आखलेली ही होडी १९६९च्या सुमारास बनू लागली आणि आजवर पंधरा हजारांहून जास्त बनल्या, त्यामुळे सुटे भाग सहज मिळतात. लांबी साडेएकवीस फूट, रुंदी पावणेआठ फुटांच्या आत. अमेरिकेत वेगळा परवाना न काढता साडेआठ फूट रुंदीपर्यंतची होडी रस्त्यावरून ओढता येते, तेव्हा तोही प्रश्न नाही. खालचा जड लोखंडी कील, म्हणजे होडीचा तोल सांभाळणारा पाण्याखालचा पंखा, वर उचलता येतो, म्हणून ती ट्रेलरवर नीट बसते. मरीनात जागा भाड्याने घेतली तर वर्षभर पैसे मोजायचे; त्यापेक्षा होडी घरच्या ड्राइव्हवेवर ठेवायची आणि वाटेल तेव्हा तळ्यावर न्यायची, असा साधा हिशेब.

या हिशेबात एकच गोष्ट राहिली होती. रस्त्यावरून नेताना डोलकाठी आडवी असते. म्हणजे प्रत्येक वेळी पाण्यात उतरण्याआधी पंचवीस फुटांची काठी उभी करायची, आणि परतताना पुन्हा आडवी करायची. होडी विकणाऱ्याने सांगितलं होतं, "दोन माणसं लागतात, दहा मिनिटांचं काम." तो स्वतः सहा फूट उंच आणि पस्तिशीतला.

काय झालं

एप्रिलमधला शनिवार. मराठी मंडळातले दोन तरुण मदतीला. तळ्याकाठच्या एका रॅम्पच्या, म्हणजे होडी पाण्यात उतरवायच्या उताराच्या, वाहनतळावर ट्रेलर उभा केला. काकांनी काठीचं बूड केबिनच्या छपरावरच्या बिजागरात बसवून बोल्ट घातला. काठी मागच्या बाजूला, होडीच्या पार्श्वभागाबाहेर निघालेली. एका तरुणाने पुढे उभं राहून फोरस्टे, म्हणजे डोलकाठीची पुढची तार, हातात धरली. दुसऱ्याने कॉकपिटमध्ये, म्हणजे मागच्या उघड्या बसायच्या जागेत, उभं राहून काठी खांद्यावर घेतली आणि रेटायला सुरुवात केली. काका छपरावर, काकू जमिनीवर लक्ष ठेवायला.

अर्ध्या वाटेपर्यंत सगळं ठीक गेलं. खांदा देणाऱ्याने कॉकपिटमधून छपरावर पाय टाकला, आणि त्याच वेळी काठी डावीकडे कलली. काका धरायला गेले, पण तोवर उशीर झाला होता. काठी कडेच्या कठड्यावर आपटली आणि तिथेच अडकली. नशिबाने कुणाला फारसं लागलं नाही. काकांचं एक बोट चेपलं आणि महिनाभर काळंनिळं राहिलं. त्या दिवशी होडी पाण्यात गेली नाही.

मला त्यांनी नंतरच्या आठवड्यात बोलावलं. काकांचं निदान तयार होतं: वजन झेपत नाही, मोठं विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढायचं यंत्र, बसवायला हवं. काकूंचं निदान त्याहून सोपं: "होडी विका."

मोडलेल्या वस्तू काय सांगत होत्या

मी आधी बिजागर बघितलं. उजव्या बाजूचे दोन स्क्रू मुळासकट उपसून आले होते, डावीकडचे जागेवर होते. भोकांत बोट घातलं तर आतलं प्लायवूड ओलसर आणि भुसभुशीत. आधीच्या मालकाने स्क्रूभोवतीचं सीलंट बरीच वर्षं बदललेलं नसावं. उजवीकडच्या मागच्या तारेचा टर्नबकल, म्हणजे तार ताणायचा पेचाचा तुकडा, तळाशी चांगलाच वाकला होता. काठी स्वतः सरळ. माथ्यावरचा वाऱ्याची दिशा दाखवणारा काटा तेवढा मोडलेला.

काठीचं वजन पेललं नाही असं मानलं, तर ती आली त्या वाटेने मागे कोसळायला हवी होती, आणि मग मागचा आधार, कॉकपिट किंवा खाली उभा असलेला माणूस यांना मार बसला असता. इथे सगळी मोडतोड आडवी होती. उजवे स्क्रू उपसले, कारण काठी डावीकडे जाताना तिने बिजागराला पहारीसारखं उचकटलं. टर्नबकल वाकला, कारण सैल तारेमुळे तो डेकवर तिरका पडून होता आणि तार एकदम ताणली तेव्हा त्याला सरळ व्हायला सवडच मिळाली नाही.

तरीही काकांच्या समाधानासाठी वजन मोजलं. काठी दोन सुतारी घोड्यांवर आडवी ठेवून एका टोकाखाली बाथरूममधला वजनकाटा सरकवला, मग दुसऱ्या टोकाखाली. दोन्ही आकड्यांची बेरीज तारांसकट २४ किलो, आणि समतोल बिंदू बुडापासून सुमारे ३.७ मीटरवर. चोवीस किलो म्हणजे परदेशी जाताना विमानात देतो ती एक बॅग. "एवढंच?" काका वजनकाट्यावर वाकून दोनदा बघत म्हणाले.

बाजूच्या तारा सैल का असतात

या प्रकरणाची खरी मेख इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

कॅटालिना २२ला आठ तारा असतात: पुढे एक, मागे एक (खाली जाऊन तिला दोन फाटे फुटतात), आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन. या तिनांपैकी एक वरपर्यंत जाते, उरलेल्या दोन काठीच्या निम्म्यापर्यंत, एक पुढून आणि एक मागून. नवख्या माणसाला वाटतं, बाजूच्या तारा बांधलेल्याच आहेत, मग काठी बाजूला जाईल कशी? काकांनाही तसंच वाटलं होतं.

पण बिजागर आहे केबिनच्या छपरावर, आणि तारांची खालची टोकं आहेत डेकच्या कडेला, बिजागराहून दीड-एक फूट खाली. काठी उभी असते तेव्हा तारेला छपराच्या उंचीच्या वर काठीची उंची आणि खाली तो दीड फूट, असं सगळं अंतर कापायचं असतं. काठी मागे आडवी केली की तो दीड फूट उंचीत मिळवायची गरजच उरत नाही, टोकं एकमेकांजवळ येतात आणि तार लोंबते. दोन काटकोन त्रिकोण कागदावर काढले की हे दिसतं. निम्म्यापर्यंत जाणाऱ्या दोन तारांपैकी मागची तर आणखीच सैल पडते; आणि पुढची ताणली जाऊन आड येते, म्हणून ती आधीच सोडून ठेवावी लागते. थोडक्यात, काठी पूर्ण उभी झाल्यावर तारा तिला घट्ट धरतात, पण ती उभी होत असताना, म्हणजे गरज सर्वांत जास्त असते तेव्हा, बाजूने तिला धरणारं कुणीच नसतं. सगळा भार छपरावरच्या त्या एका बोल्टवर आणि चार स्क्रूंवर.

यात त्या कारखान्याची चूक नाही. छपरावर बिजागर आणि कडेला तारा अशी रचना असलेल्या बहुतेक सगळ्या छोट्या होड्यांचं हेच आहे.

त्या दिवशी यात आणखी दोन गोष्टींची भर पडली. वाहनतळाला उतार होता, त्यामुळे ट्रेलर डावीकडे किंचित झुकलेला होता. कुणी लेव्हल लावून बघितली नव्हती. आणि खांदा देणारा नेमका अर्ध्या उंचीवर कॉकपिटमधून छपरावर चढला. त्या एका पावलात त्याला दोन्ही हात वर ठेवून एका पायावर शरीर तोलायचं होतं. मी आजवर ऐकलेल्या अशा पडझडींमध्ये हे पाऊल वारंवार येतं.

मी हे समजावत असताना काकू मध्येच म्हणाल्या, "म्हणजे सासनकाठीसारखंच की." काकू कोल्हापूरच्या. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर उंचच उंच सासनकाठ्या नाचवतात. काठी कमरेशी पेलणारा गडी एकच असतो, पण वरून बांधलेले दोर चहूबाजूंनी ताणून धरणारे चार-सहा जण असतात. "ते दोरवाले नसले तर पेलणारा काय करील?" मी दोन त्रिकोण काढून जे सांगत होतो ते काकूंनी एका वाक्यात सांगितलं होतं. फरक एवढाच की दोर धरणारी माणसं काठीबरोबर पुढेमागे सरकतात, दोर हवा तसा सोडतात-ओढतात. आपल्याकडे माणसं दोनच. म्हणजे असे दोर हवेत, जे कुणी न धरता, काठी आडवीपासून उभी होईपर्यंत सारखेच ताणलेले राहतील.

हवेत टांगलेली कडी

हे भूमितीने जमतं. बिजागराचा बोल्ट आडवा असतो, डावीकडून उजवीकडे. त्या बोल्टची रेषा दोन्ही बाजूंना मनाने लांबवत नेली, तर त्या रेषेवरच्या कुठल्याही बिंदूपासून काठीवरच्या ठरावीक जागेचं अंतर कधीच बदलत नाही, कारण काठी त्याच रेषेभोवती फिरते. तेव्हा बाजूच्या दोराचं खालचं टोक बरोबर त्या रेषेवर बांधलं की दोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच ताठ. अमेरिकेतले होडीवाले यांना बेबी स्टे म्हणतात.

अडचण अशी की होडीच्या कडेला ती रेषा डेकच्या दीड फूट वर, हवेत असते. तिथे बांधायला काहीच नाही. यावर जुना आणि भरवशाचा उपाय म्हणजे कडी. स्टीलची एक जाड कडी घ्यायची आणि तिला डेकच्या कडेच्या पुढच्या, मधल्या आणि मागच्या चेनप्लेटपासून (तारांची खालची टोकं जिथे अडकवतात त्या धातूच्या पट्ट्या) तीन आखूड, न ताणणारे दोर बांधायचे. काठीकडून येणारा दोर कडीला वर ओढतो, खालचे तिन्ही दोर तिला धरून ठेवतात आणि कडी हवेत एका जागी स्थिर उभी राहते. दोरांच्या लांब्या अशा जुळवायच्या की ती जागा बोल्टच्या रेषेत यावी.

काकांनी हे काम घरच्या ड्राइव्हवेवर एका दुपारी केलं आणि त्यांचा हात बघण्यासारखा होता. दोन्ही कड्यांमधून त्यांनी मासे पकडायची नायलॉनची दोरी ताणली आणि ती बोल्टच्या डोक्याच्या बरोबर मध्यावरून जाते का ते गुडघे टेकून, एक डोळा मिटून बघत बसले. डावीकडची कडी बोटभर खाली होती. त्यांनी गाठ सोडली नाही. आधीच दोराला छोटे पेचाचे आकडे लावले होते, ते अर्धा-अर्धा फेरा फिरवत कडी वर घेतली. दोर पाच मिलिमीटरचा डायनीमा, कारण साधा नायलॉन भार आल्यावर ताणतो आणि मग या सगळ्या मोजमापाला काही अर्थ राहत नाही. वरचं टोक काठीवर बुडापासून सुमारे अडीच मीटरवर, रिव्हेट केलेल्या डोळ्यात.

उपसलेल्या स्क्रूंचं काम त्याआधी उरकलं होतं. भोकं मोठी करून आतलं ओलं प्लायवूड खरवडलं, पूर्ण वाळू दिलं, मग इपॉक्सी भरली आणि ती घट्ट झाल्यावर नव्याने भोकं पाडली. हे टाळून नुसते मोठे स्क्रू ठोकणारे बरेच आहेत. ते दोन-चार वर्षांत पुन्हा तिथेच येतात.

ओढायचं कुठून

बाजूचा प्रश्न सुटला, मग उचलण्याचा. इथे मात्र काकांचं इंजिनिअरिंग कामी आलं.

फोरस्टे पुढून सरळ ओढली तर काय होतं? मागचा आधार उंच करून काठी दहा अंश वर ठेवली, आणि पुढचं टोक बिजागरापासून आठ फुटांवर धरलं, तर ओढ जवळजवळ काठीच्या लांबीच्याच दिशेने जाते. काकांनी गणित केलं: सुरुवातीला तारेत पावणेतीनशे किलोंचा ताण लागतो, आणि त्यातला बहुतेक काठीला बिजागरात दाबण्यातच वाया जातो. चोवीस किलोंची वस्तू उचलायला पावणेतीनशे! त्यामुळेच पुढे तार ओढणारा तरुण लाल होईपर्यंत ओढत होता आणि काहीच हलत नव्हतं. खरं काम खांदा देणाराच करत होता.

म्हणून जिन पोल. सहा फुटांचा एक पाइप, बूड डोलकाठीच्या पायथ्याशी, पुढच्या बाजूला काठीशी काटकोनात. त्याचं वरचं टोक जिब या पुढच्या शिडाच्या हॅलियार्डने, म्हणजे शीड वर चढवायच्या दोरीने, काठीच्या वरच्या भागाशी बांधायचं, आणि त्याच टोकापासून नाळेपर्यंत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापर्यंत, कप्प्यांची दोरी. आता ओढ बिजागरापासून दीड मीटर दूरून लागते, आणि त्याच दहा अंशांवर ताण येतो छप्पन किलो. चार पदरी कप्पी लावली की हाताला चौदा. कप्प्यांचं घर्षण धरून अठरा-वीस. काठी जशी वर जाते तसा जिन पोल पुढे झुकतो, ताण उतरत जातो, आणि शेवटी तर एका हाताने ओढता येतं. दोरी मात्र भरपूर लागते. कप्प्यांमधलं अंतर दोन मीटरहून थोडं जास्त कमी होतं, त्याच्या चौपट म्हणजे साडेआठ मीटर दोरी हातात येते. काकांनी आधी दहा मीटर दोरी आणली होती. सुरुवातीलाच चार पदरांत अकरा मीटर गुंततात, हे गणित काकूंनी दुकानाच्या पावतीमागे मांडून दाखवलं.

ही युक्ती नवी नाही. मॅकग्रेगर २६ या होडीबरोबर अशी काठी आणि विंच जास्तीचं सामान म्हणून मिळत असे. इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या नद्या-तळ्यांवरच्या वेरी नावाच्या मालवाहू शिडाच्या होड्या तर पुलाखालून जाताना अवजड डोलकाठी बिनदिक्कत आडवी करत. तिच्या बुडाशीच शिशाचं भारी वजन असे.

जिन पोलबद्दल एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: तोही बाजूला पडू शकतो. म्हणून त्याच्या टोकापासूनही दोन दोर त्याच दोन कड्यांना. कडी बोल्टच्या रेषेवर असल्यामुळे हेही दोर आपोआप ताठ राहतात.

काकांना ओढण्यासाठी ट्रेलरचं विंच वापरायचं होतं, आयतंच समोर आहे म्हणून. याला मी ठाम विरोध केला. त्या विंचचा पट्टा होडीला ट्रेलरवर धरून ठेवतो. तो सोडून डोलकाठीला लावला आणि रॅम्पच्या उतारावर कुणी विसरलं, तर होडी न सांगता पाण्यात जाईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे सिमेंटवर. शिवाय काठी खाली घेताना विंचचा हँडल हातातून सुटला तर मनगट मोडतो. चार पदरी कप्पी आणि दोरी जागच्या जागी पकडणारा कॅम क्लीट पुरेसा आहे, आणि स्वस्तही.

कोण कुठे उभं राहणार

सरावात ठरलेली वाटणी अशी. काकू जमिनीवर, होडीच्या पुढे जराशा बाजूला, दोरी ओढणार. काका होडीच्या कडेने फिरत तारा बघणार. काठीच्या खाली कुणीही नाही, कॉकपिट रिकामं. मागची तार आउटबोर्ड इंजिनाला अडकते, बाजूची तार छपराच्या झाकणाखाली जाते, बाजूच्या तारा काठीपासून दूर धरणाऱ्या आडव्या स्प्रेडरमध्ये काहीतरी गुंततं: अडखळण्याच्या या नेहमीच्या जागा. दोरी एकदम जड लागली की जोर लावायचा नाही, थांबायचं आणि काय अडकलंय ते शोधायचं. टर्नबकल वाकतात ते जोर लावल्यानेच.

"अगं, ओढ की," काका पहिल्या सरावात म्हणाले.

"अहो, जड झालंय. काहीतरी अडकलंय."

"काही अडकलेलं नाही."

मागचा उजवा टर्नबकल पुन्हा तिरका उभा होता. काकांनी तो सरळ केला आणि त्यानंतर "ओढ" म्हणायचं बंद केलं. आता "थांबा" हा शब्द काकूंकडे आहे.

सुरुवात मात्र कुठल्याही दोरीपासून होत नाही. आधी ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवायचा, नाहीतर माणूस मागे चढला की ट्रेलरचं नाक वर उचललं जातं. मग छपरावर लेव्हल ठेवून होडी आडवी सपाट आहे ना ते बघायचं. नसेल तर एका चाकाखाली फळी. आणि त्याच्याही आधी मान वर करून विजेच्या तारा बघायच्या. ॲल्युमिनिअमची पंचवीस फुटी काठी होडी आणि ट्रेलरच्या उंचीसकट सहज तीस फुटांच्या वर जाते, आणि विजेच्या तारेला तिने स्पर्श केला तर खालच्या माणसाला दुसरी संधी मिळत नाही. होबी कॅट होड्यांच्या डोलकाठ्यांना वरचा तुकडा फायबरचा बसवायला लागले, ते अशा अपघातांमुळेच. काठी उभी करायची जागा रॅम्पपासून दूर असली तर वाटेतल्या ताराही आधी बघायच्या. काठी उभी ठेवून ट्रेलर हलवणारे नेमके इथेच फसतात.

खाली घेणं वर नेण्यापेक्षा सोपं वाटतं, पण त्याची सुरुवात अवघड आहे. पूर्ण उभ्या काठीला मागे जायचं कारणच नसतं. काका मागच्या तारेला हळूच ओढ देतात, काकू दोरी एक-एक हात सोडतात, आणि दहाएक अंशांनंतर वजन स्वतः मागे यायला लागतं. तिथून पुढे दोरी सुटता कामा नये, म्हणून काकू हातमोजे घालतात आणि दोरीचा एक वेढा पुढच्या क्लीटला, म्हणजे दोर अडकवायच्या खुंटीला, ठेवतात.

सध्या काय चाललंय

मे अखेरीस दोघंच तळ्यावर गेली. वाहनतळावर पोहोचल्यापासून फोरस्टेची पिन बसेपर्यंत पाऊण तास लागला. वेळ बहुतेक दोर सोडवण्यात आणि लावण्यात गेला, उचलण्यात काही मिनिटंच. विकणाऱ्याची दहा मिनिटं काही जमली नाहीत, जमायची गरजही नाही. काकांनी आता कड्या आणि त्यांचे दोर कायमचे चेनप्लेटला लावून ठेवले आहेत, त्यामुळे ते मोजमाप पुन्हा करावं लागत नाही.

काकांना आता पुढच्या शिडासाठी रोलर फर्लर बसवायचा आहे. शीड तारेभोवती गुंडाळलं जातं, पुढे जाऊन उतरवावं लागत नाही, वयाच्या मानाने सोयीचं. पण फर्लर म्हणजे फोरस्टेवर चढवलेली लांब ॲल्युमिनिअमची नळी आणि खाली ढोल. काठी वर जाताना ही नळी होडीच्या बाजूला लोंबत राहते आणि मध्येच दुमडली तर कायमची वाकते. शिवाय सगळं वजन काठीच्या वरच्या टोकाला लागतं, म्हणजे छप्पन किलोंचं गणित नव्याने करावं लागेल. तिसऱ्या माणसाने ढोल हातात धरून चालत यावं, हा त्यावरचा रूढ उपाय. काकूंचं म्हणणं, तिसरा माणूस लागत असेल तर फर्लर नको. या मुद्द्यावर मी काकूंच्या बाजूने आहे, आणि काका अजून कॅटलॉग चाळत आहेत.